चरबीचा धडा

एर्मेकच्या ढुंगणावर पुरळ उठलं तो बुधवार होता, आणि विहीणबाई रविवारी येणार होत्या.

तेमिरकुल अगायनी नातवाला लोकरी नमद्याच्या गालिच्यावर पालथं घातलं, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि लिटमस कागदाचा रंग बघावा तसं वाकून बघितलं.

"लाल," ते म्हणाले. "मध्ये गडद, कडेला फिकट."

नऊ महिन्यांच्या एर्मेकला स्वतःच्या मागच्या बाजूबद्दल काहीच तक्रार नव्हती. तो गालिच्याचा कोपरा चघळत होता. काळजी सगळी आजोबांनाच होती. त्यांनी खिशातला धुऊन धुऊन विरलेला मऊ रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. लालच होतं.

कोच्कोर गावात शाळेच्या प्रत्येक मास्तरला अगाय म्हणतात. पण पुढे नाव न लावता कुणी नुसतं 'अगाय' म्हटलं, की ते तेमिरकुल. चाळीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. गावातला डॉक्टर त्यांचा विद्यार्थी, मिनीबसचा ड्रायव्हर त्यांचा विद्यार्थी, आणि त्या ड्रायव्हरला दंड करणारा पोलीसही त्यांचाच. पण निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांची बायको बुरुल गेली आणि घरात इतकी शांतता झाली, की भिंतीवरच्या घड्याळाचा त्यांना राग यायला लागला. मग एर्मेक जन्मला आणि घड्याळ ऐकू येईनासं झालं.

पंचाईत सप्टेंबरात झाली. मुलगा मेदेर वर डोंगरात खाणीवर, पंधरा दिवस तिथे आणि पंधरा दिवस घरी. सून गुलझात एक तारखेपासून शाळेत रुजू होणार. शाळा तीच, प्रयोगशाळा तीच, अगायनी सोडलेली जागाही तीच. बाळ कोण सांभाळणार? राजधानीतून, बिश्केकहून, विहीणबाईंचा फोन आला. बुबुसारा त्यांचं नाव. तीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका होत्या आणि अजूनही माणसाशी बोलताना आधी त्याला तपासल्यासारखं बघायच्या. फोनवरूनसुद्धा.

"बाळ माझ्याकडे पाठवा," त्या म्हणाल्या होत्या. "व्याहीबुवा, तुम्ही मेदेरला उभ्या जन्मात एकदा तरी धुतलंत का?"

अगायनी कधीच धुतलं नव्हतं. त्या काळात त्यांच्याकडे वह्या तपासायला असायच्या.

"मी शिकेन," ते म्हणाले.

"अडुसष्टाव्या वर्षी?"

"चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो, की येत नसेल तर शिका. आता मी मागे फिरू?"

विहीणबाईंनी जरा विचार केला. "एक महिना देते. मग स्वतः येऊन बघेन. वजन बघेन, छाती बघेन आणि ढुंगण बघेन. आईबाप खोटं बोलतात, आजोबा तर बोलतातच. ढुंगण खोटं बोलत नाही. तिथे काही दिसलं, तर त्याच मिनीबसने बाळ माझ्याबरोबर बिश्केकला. आणि लंगोटाला त्या चिंध्या वापरायची हौस सोडा. मी दुकानातली पाकिटं पाठवते. वापरायची आणि टाकायची."

"चिंध्या नाहीत," अगाय म्हणाले. "बुरुलने शिवलेले आहेत."

बुबुसारांनी पाकिटांचा विषय तिथेच सोडला.

ते लंगोट पेटीच्या तळाशी सापडले होते. जाळीच्या पातळ सुती कापडाचे, दोन दोन पदर घालून शिवलेले, बरोबर दोन डझन. मेदेरच्या जन्माआधी हिवाळाभर बुरुल खिडकीपाशी बसून शिवत होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिने लाल दोऱ्याची एक बारीक फुली घातली होती, प्रसूतिगृहात दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून. अगायना ती फुली आठवत होती, वाफेने धुरकटलेली खिडकी आठवत होती, आणि लंगोटांना दोन्ही बाजूंनी इस्त्री करणारी बुरुल आठवत होती. दोन्ही बाजूंनी का, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

तर, बुधवार. पुरळ. अगाय खुराड्यापाशी उभ्या असलेल्या कुमुश आपांना कुंपणावरून हाक मारते झाले. कुमुश आपा शेजारीण. वय ऐंशीच्या पुढे, आणि गावात अगायना 'पोरा' म्हणणारी ही एवढीच बाई उरली होती.

"पोरा, पुरळ ना? त्यात काय घाबरायचं! दुंब्या मेंढीच्या शेपटाची चरबी लाव. माझी नऊ पोरं त्याच्यावर वाढली. एकाच्याही बुडाला कधी डाग नाही."

आणि त्यांनी बरणीभर चरबी कुंपणावरून दिलीसुद्धा.

पण नुसती चरबी लावायला अगाय काय साधे होते? औषधाच्या दुकानातून त्यांनी जस्ताची पांढरी भुकटी आणली. जुन्या चंचुपात्रात चरबी वितळवली, भुकटी घोटली, घट्टपणासाठी चिमूटभर मेण घातलं. शुभ्र, गुळगुळीत मलम तयार झालं. बरणीवर त्यांनी सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'एर्मेक क्र. १'. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग शिकवले. हा त्यांचा स्वतःचा होता.

आणि मलम लागू पडलं! गुरुवारी सकाळी लाली निम्म्यावर आली. अगायनी वहीत नोंद केली: 'वेळ सात वाजून दहा मिनिटे. गुलाबी.' तेव्हापासून ते दर वेळी मलम थापू लागले, नानवर साय थापतात तसं, कडेपर्यंत. थोडं लावून इतका गुण, तर भरपूर लावून किती, असा त्यांचा हिशेब होता.

गुरुवारी दुपारी एर्मेक त्यांच्या मांडीवर बसून बोटं मोजत असताना अगायना मांडी कोमट वाटली. मग ओली वाटली. बघतात तो लंगोट वरून जवळपास कोरडा, आणि पाणी सगळं त्यांच्या विजारीत. त्यांनी लंगोट बदलला. तासाभराने दुसरी विजार. संध्याकाळपर्यंत तारेवर बाळाचे चार लंगोट आणि आजोबांच्या तीन विजारी वाळत होत्या, आणि कुमुश आपा कुंपणावरून विचारत होत्या, "पोरा, नक्की कोण भिजवतंय रे?"

रात्रीची काही अडचण नव्हती. रात्री एर्मेक लाकडी पाळण्यात निजायचा, आणि त्या पाळण्याला आमच्याकडे पूर्वापार लाकडाची छोटी नळी असतेच. जे व्हायचं ते नळीतून खालच्या भांड्यात जातं. संकट होतं ते दिवसाचं, कारण दिवसा पोरगं रांगायचं, आणि रांगणाऱ्या पोराच्या मागे नळी घेऊन किती धावणार?

शुक्रवारी दुपारी अगाय एर्मेकला दूध पाजायला शाळेत गुलझातकडे घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी मोठ्या प्रेमाने बाळाला उचललं आणि आपल्या टेबलावर बसवलं. टेबलावर सातवीचं हजेरीपुस्तक उघडं होतं. मुख्याध्यापकही अगायचेच विद्यार्थी.

"काही नाही अगाय, काही नाही," हजेरीपुस्तक खिडकीबाहेर झटकत ते म्हणाले. "शाई पक्की आहे."

घरी येऊन अगायनी वही उघडली. लंगोटाला झालंय काय? त्यांनी धुतलेला एक लंगोट टेबलावर पसरला आणि चमच्याने वर पाणी टाकलं. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला. कापड तिरपं केलं, तर अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळत गेला आणि त्याने टेबलावरून खाली उडी मारली. अगायनी लिहिलं: 'कापड पाणी घेत नाही. कारण: नीट धुतलं गेलेलं नसावं.'

मग त्यांनी दोन दोनदा धुतले, पण कोमट पाण्यात, हलक्या हाताने. कढत पाणी त्यांनी मुद्दामच घेतलं नाही. इतकं जुनं कापड, बुरुलच्या हातचं, फाटलं तर? थेंब पुन्हा मोत्यासारखा उभा राहिला.

'कारण: कापड कडक झालं असावं,' असं लिहून ते दुकानात गेले. दुकानातल्या मुलीने लंगोट हातात घेतला, दोन बोटांत चोळला आणि तिचं तोंड उघडलं.

"अगाय, हे जरा... चिकट..."

"काय?"

"काही नाही." तिने तोंड मिटलं. आठवीत तिला अगायनी रसायनशास्त्रात पाचपैकी तीन गुण दिले होते. "तुम्हाला मी काय सांगणार, अगाय!" आणि ते मागतील ते, म्हणजे कपडे मऊ करणारं सुवासिक पाणी, तिने निमूट काढून दिलं.

त्या पाण्यात बुडवल्यावर लंगोटांना जर्दाळूच्या फुलांचा वास यायला लागला. थेंब आता आणखी वेगाने घरंगळत होता.

इकडे गुलझात त्या लंगोटांकडे बघायचं टाळत होती. कारण तिला गुरुवारी संध्याकाळीच कळलं होतं. तारेवरचा पहिला लंगोट हातात घेतला, तेव्हाच. पण सून असून सासऱ्याला शिकवायचं? आमच्याकडे सून सासऱ्याचं नावसुद्धा तोंडाने घेत नाही. त्यांच्या पुढून जात नाही, त्यांच्याकडे पाठ करत नाही. त्यातून हे सासरे म्हणजे अगाय! त्यांच्याच हाताखाली ती रसायनशास्त्र शिकली. त्यांना जाऊन म्हणायचं, की तुम्हाला चरबी कळत नाही? त्यापेक्षा डोंगर चढणं सोपं. पण रविवारी आई येणार, बाळाला घेऊन जाणार, आणि सासरे पुन्हा त्या घड्याळासमोर एकटे बसणार, हेही तिला दिसत होतं. आईला फोन करून सांगावं, तर सासरची चहाडी झाली.

शनिवारी जेवणं झाल्यावर तिने खाली मान घालून सुरुवात केली.

"बाबा, सोमवारी आठवीला चरबीचा धडा आहे. तुम्ही कसा घ्यायचात?"

अगायचा चेहरा उजळला. चरबीचा धडा म्हणजे त्यांचा गाजलेला धडा. तो बघायला नववीची मुलं दारात उभी राहायची.

"एक फडकं आण, पोरी."

गुलझातने पटकन ढिगातला एक लंगोट पुढे केला. "हे घ्या ना, बाबा."

"हे नको गं. हे बिघडलंय. याच्यावर प्रयोग चुकेल. चांगलं आण."

गुलझातने डोळे मिटले, उघडले आणि स्वयंपाकघरातलं स्वच्छ फडकं आणलं. अगायनी 'एर्मेक क्र. १' ची बरणी उघडली, बोटभर मलम फडक्याला चोळलं आणि वर चमचाभर पाणी सोडलं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला.

"बघितलंस? आत गेला? नाही गेला! का नाही गेला? चरबी दारात उभी आहे, खाष्ट सासूसारखी. पाण्याला म्हणते, तू आमच्यातला नव्हेस. आता साबण येतो. साबण म्हणजे कोण? मध्यस्थ. त्याचा एक हात चरबीच्या हातात, एक हात पाण्याच्या हातात. दोघांना घेऊन तो बाहेर पडतो. पण चरबी थंडीत ढिम्म हलत नाही. म्हणून पाणी कसं हवं?"

"उकळतं," गुलझात एकेक अक्षर मोजत म्हणाली. "उकळतं पाणी. आणि भरपूर साबण."

"शाब्बास! पाचपैकी पाच!"

"आणि बाबा," तिचा आवाज जरा कापला, "हे असं... घरात... कुठे कुठे होत असेल?"

"उदाहरणं? कितीतरी! कढई. ताटं. मेंढीची लोकर, म्हणून तर मेंढी पावसात भिजत नाही. घोड्याचं खोगीर. बूट..." त्यांनी अकरा उदाहरणं दिली. बारावं त्यांच्या कोपरापाशी जर्दाळूचा वास सोडत पडलं होतं.

गुलझातने शेवटचा उपाय केला. मलमाची बरणी उचलली, लंगोटांच्या ढिगावर बरोबर मधोमध ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

"पडेल ना ती तिथून," अगाय म्हणाले आणि त्यांनी बरणी उचलून फळीवर ठेवली. मग ते समाधानाने झोपायला गेले. किती दिवसांनी धडा घेतला होता!

रविवारी सकाळी त्यांनी वहीत शेवटचं कारण लिहिलं. 'कापड म्हातारं झालं.' आणि वही मिटली.

विहीणबाई अकराच्या मिनीबसने आल्या. अंगात निळ्या मखमलीचा नवा पोशाख, एका हातात खाऊची पिशवी, दुसऱ्या हातात बाळाचे कपडे न्यायची रिकामी पिशवी. ती रिकामी पिशवी त्यांनी दारातच, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"आधी तपासणी, मग चहा."

वजन झालं, छाती झाली. एर्मेक पालथा पडला. विहीणबाईंनी वाकून, मग उजेडात नेऊन बघितलं.

"स्वच्छ," त्या शेवटी म्हणाल्या. "लोण्याच्या गोळ्यासारखं. मानलं, व्याहीबुवा."

अगायना इतका आनंद झाला, की त्यांनी खबरदारी म्हणून आणखी एक थर मलम लावलं आणि एकावर एक तीन लंगोट बांधले. एक नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा तरी धरेल.

विहीणबाईंना मानाच्या जागी, दाराच्या समोरच्या जाड गादीवर बसवलं. गुलझातने चहा ओतला. ताटात कणकेचे तळलेले गरम बोरसोक, वाटीत साय, वाटीत मुरंबा. एर्मेक आजीच्या मांडीवर बसून तिची माळ ओढत होता.

"आता मला म्हणायला लाज वाटत नाही," विहीणबाई पेला उचलून म्हणाल्या. "मला वाटलं होतं, पुरुषमाणूस काय करणार! पण या घरात बाळाची आबाळ होत नाही. बुरुल असती, तर तिलासुद्धा..."

त्या थांबल्या. पेला खाली ठेवला. सगळ्यांनी मखमलीकडे बघितलं. निळा रंग मांडीपाशी काळा होत चालला होता, आणि तो काळा रंग गुडघ्याच्या दिशेने निघाला होता. तिन्ही लंगोटांवरून पाणी एकामागून एक पायऱ्या उतरावं तसं उतरलं, मखमलीतून गादीत शिरलं आणि गादीच्या दुसऱ्या टोकाने बोरसोकच्या ताटाकडे डोकावलं. एर्मेक खूश होऊन टाळ्या वाजवत होता.

"व्याहीबुवा," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हे तीन लंगोट आहेत की तीन ताडपत्र्या?"

अगाय उठले. दारातली रिकामी पिशवी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून आणली.

"तुमचं खरं होतं, विहीणबाई. कापड जुनं झालं. चौतीस वर्षं. मी धुतलं, पुन्हा धुतलं... पण ते दमलं आता. आणि मलाही काही जमलं नाही." त्यांनी एर्मेकची टोपी पिशवीत ठेवली. मग त्यांना पुढे काय ठेवायचं ते सुचेना.

गुलझात भरलेल्या पेल्यात किटलीतून ओततच होती. चहा पेल्यातून बशीत, बशीतून चटईवर पडत होता, आणि ती तोंड घट्ट मिटून उभी होती.

विहीणबाईंनी एकदा लेकीकडे बघितलं. मग ओला लंगोट सोडला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला.

"व्याहीबुवा, एक सांगा. चरबी पाण्यात विरघळते?"

"नाही," अगाय सवयीने म्हणाले.

"चरबी माखलेल्या कापडातून पाणी आत जातं?"

"नाही. तो तर आठवीचा..."

आणि ते थांबले. त्यांनी लंगोटाकडे बघितलं. फळीवरच्या बरणीकडे बघितलं. मग गुलझातकडे बघितलं. ती किटलीच्या झाकणाकडे असं निरखून बघत होती, जणू त्याच्यावर काहीतरी बारीक लिहिलंय.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "काल तू मला तो धडा..."

"तिला काय विचारता?" विहीणबाई मध्येच म्हणाल्या. "सून आहे ती. सासऱ्याला शिकवणारी पोरगी मी वाढवली नाही. पण मी विहीण आहे! तुमची फजिती करायचा मला हक्क आहे. अख्ख्या गावाला चरबी शिकवलीत, आणि नातवाला लोकरीच्या मेंढीसारखं पावसाळी करून ठेवलंत! चला, उठा. मोठं घंगाळ कुठे आहे? बुरुलकडे असणारच."

घंगाळ सफरचंदांच्या खोक्यांमागे सापडलं. पांढऱ्या मुलाम्याचं, काठावर निळी रेघ असलेलं. विहीणबाईंची मखमल धुऊन तारेवर टाकली, आणि गुलझातने त्यांना बदलायला पेटीतला बुरुलचा घरातला झगा दिला, बारीक फुलांचा. अंगणातल्या चुलीवर पाणी उकळू लागलं. अगायनी धुण्याच्या पिवळ्या साबणाची वडी किसली. किसणीवर बोट खरचटलं तरी थांबले नाहीत. लंगोट पाण्यात पडले, आणि थोड्या वेळाने वर चरबीचा तवंग चमकायला लागला.

"बघा, बघा," विहीणबाई पळीने तवंग काढत होत्या. "एवढ्यात तर दहा माणसांचा पुलाव झाला असता."

अगायनी चुलीत एक लाकूड सरकवलं. साबणाचा तो उग्र, ओळखीचा वास, वर चढणारी वाफ, आणि वाफेपलीकडे बारीक फुलांचा झगा. क्षणभर त्यांना वाटलं, आपल्या मांडीवर वह्या आहेत आणि आतून कुणीतरी ओरडेल, 'अहो, जरा हे घंगाळ धरायला या!' ती कितीदा तरी ओरडली असेल. त्यांनी पुढे होऊन घंगाळ धरलं.

दुपारी वारा सुटला. लंगोट तारेवर तासाभरात खडखडीत वाळले. अगायनी एक काढून टेबलावर पसरला आणि वर चमच्याने पाणी सोडलं. थेंब टेकला आणि दिसेनासा झाला. त्यांनी दुसरा थेंब सोडला. तिसरा सोडला.

"दमलं नव्हतं," ते म्हणाले. "कापड दमलं नव्हतं, विहीणबाई."

"बुरुलचं कापड कसं दमेल? पण मला हे सांगा, मधलं फडकं कुठंय?"

"कुठलं मधलं?"

"अहो, मलम लावलं, की मलम आणि लंगोट यांच्या मध्ये एक पातळ फडकं घालायचं. माखेल तर ते माखेल, लंगोट शाबूत राहतो. मी तीस वर्षं बायकांना हेच सांगत आले. बुरुलने ती फडकी केली नसतील, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. पेटीत बघा."

पेटीत काही नव्हतं. अगायनी तळापर्यंत हात घालून बघितलं. वाफेचे डाग चष्म्यावर अजून होते, म्हणून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसायला लागले.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "ते काय आहे?"

"हा? माझा रुमाल. बुरुलने दिले होते. मेदेर चालायला लागला त्या वर्षी. कपाटात ढीग आहे, दोन डझन."

"दोन डझन लंगोट," विहीणबाई म्हणाल्या, "आणि दोन डझन रुमाल."

त्यांनी रुमाल हातात घेतला, उलटा केला. कोपऱ्यात, धुऊन धुऊन गुलाबी झालेली, दोऱ्याची एक बारीक फुली होती.

मग हळूहळू तिघांचेही डोळे भिंतीकडे गेले. तिथे अगायच्या निवृत्तीचा फोटो होता. काळा कोट, छातीवर शाळेने दिलेलं पदक, आणि वरच्या खिशातून मोठ्या ऐटीत डोकावणारा पांढरा त्रिकोण.

गुलझात किटली घेऊन धावतच स्वयंपाकघरात गेली. किटली रिकामी होती. आतून आधी काहीतरी दाबल्यासारखा आवाज आला, आणि मग तो दाबला जाईना.

"याने मी फळा पुसलाय," अगाय म्हणाले. "तपासनीस आले होते तेव्हा कपाळ पुसलंय. तुमच्या लेकीच्या लग्नात डोळे पुसलेत, विहीणबाई!"

"मी बघितलं होतं. म्हटलं, काय हळवा माणूस आहे!"

"रोज सकाळी ती स्वतः माझ्या खिशात घालायची. आणि माझ्याकडे अशी बघायची... ओठ दुमडून. मला वाटायचं, प्रेमाने बघते."

"प्रेमानेच बघत होती," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. कशाने पुसतोय हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनाही हसू आवरेना.

चारच्या मिनीबसने त्या परत निघाल्या. मखमल अजून ओली होती. ती घडी करून त्यांनी रिकाम्या पिशवीत घातली, आत एर्मेकची टोपी होती ती काढून त्याच्या डोक्यावर बसवली.

"बाळ पास. लंगोट फेरपरीक्षेत पास. आजोबा..." त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, "आजोबांना पुढच्या महिन्यात बघू. हा झगा धुऊन पाठवते."

"ठेवा तो," अगाय म्हणाले. "विहिणीला कपडा दिल्याशिवाय निरोप देत नाहीत. बुरुलनेच दिला समजा."

संध्याकाळी त्यांनी कपाटातले तेवीस रुमाल काढून एर्मेकच्या लंगोटांशेजारी रचले. चोविसावा हातात घेऊन जरा थांबले आणि खिशात परत ठेवला. मग वही उघडून 'कापड म्हातारं झालं' या ओळीवर लाल शाईने काट मारली. खाली लिहिलं: 'तेमिरकुल: दोन गुण. गुलझात: पाच गुण.' थोडा विचार करून, पूर्वी मुलांच्या वह्यांत लिहायचे तसा त्यांनी शेराही लिहिला: 'उत्तर येत असेल तर गप्प बसू नये. मोठ्याने सांगावे.' आणि वही उघडीच, किटलीशेजारी ठेवली.

सोमवारी सकाळी ते लंगोटांना इस्त्री करत होते. एर्मेक गालिच्याचा दुसरा कोपरा चघळत होता. शाळेची पिशवी घेऊन गुलझात दारापर्यंत गेली, थांबली, आणि तिथूनच, खाली बघत, पण स्वच्छ आवाजात म्हणाली,

"बाबा, दोन्ही बाजूंनी."

अगायनी लंगोट उलटा केला.